नंतर आठवण करा

कायना गावच्या वाचनालयातले सगळे संगणक
मंगळवारी सकाळी एकदम मुके झाले.
पडद्यावर लाल चौकट, खाली खंडणीचा आकडा
आणि उलटं धावणारं घड्याळ.
बुधवारी माझा फोन थांबेना.
हिउमा बेटाच्या या टोकाला संगणक दुरुस्त करणारी मी एकटीच,
केर्तू, सायकलवाली.

लेइदाने मात्र फोन केला नाही.
मीच गेले तिच्याकडे,
कारण एल्मारचा तो जाडजूड लॅपटॉप मला ठाऊक होता,
आणि एल्मार जाऊन दहा महिने झाले होते.

कोपऱ्यात अपेक्षित तीच चौकट:
अपडेट तयार आहे. आत्ता रीस्टार्ट करा. नंतर आठवण करा.
"नंतर," लेइदा म्हणाली. "रोज दाबते.
रक्तदाबाची गोळी चुकते, हे चुकत नाही."

मी समजावलं. भोकं राहतात, म्हटलं,
रात्रंदिवस कुणीतरी बाहेरून चाचपत असतं,
एक सापडलं की झालं.
तिने ऐकून घेतलं,
राईच्या पावावर लोणी लावून माझ्यापुढे सरकवलं.
"बंद नाही करायचा."

मग अर्धं मिटलेलं झाकण पुरतं उघडलं.
एक पत्र. करवतीच्या कंपनीला.
"माननीय महोदय, तुमची साखळी तिसऱ्यांदा तुटली आहे.
पैसे परत नकोत, खुलासा हवा.
मी चाळीस वर्षं लाकूड तोडतो आहे आणि"

एवढंच.
'आणि'च्या पुढे उभी रेघ लुकलुकत होती.
पत्र सेव्ह केलेलं नव्हतं.
कॉफी ओतायला उठला होता तो.

दहा महिने तिने त्याची वीज तुटू दिली नाही.
वादळात तारा पडल्या तेव्हा
शेजारच्या जनरेटरपर्यंत घेऊन गेली,
उघडाच, तान्हं मूल न्यावं तसा.

यावर मी काय बोलणार!
मला आठवत होतं एल्मारचं हिवाळ्यातलं काम:
समुद्र गोठला की पलीकडे जायला रस्ता व्हायचा,
आणि तो पहाटे गिरमिट घेऊन
भोक पाडत, जाडी मोजत,
जुनिपरच्या फांद्या रोवत जायचा.
लोक कुरकुरायचे, काल तर ट्रक गेला इथून.
तो म्हणायचा, काल गेला.

मी हे बोलले नाही.
बराच वेळ खिडकीबाहेर बघून तीच म्हणाली,
"रोज मोजायचा. रोज. मी चिडायची."

सेव्ह दाबलं तर संगणकाने नाव विचारलं,
आणि आपणच सुचवलं: माननीय महोदय.
लेइदा हसली, नाक पुसत हसली.
"राहू दे तेच. जन्मात कुणी म्हटलं नाही त्याला."

एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली.
तो पिठाच्या डब्यात टाकायला निघाली होती,
शिवणाच्या डब्यावर कशीबशी तडजोड झाली.

मग रीस्टार्ट.
पडदा काळा झाला तसं तिने माझं मनगट धरलं.
सात टक्के. एकोणीस.
एकतीसवर इतका अडकला
की धीर देता देता माझाच घसा कोरडा पडला.

शेवटी पासवर्डची चौकट आली.
मी भिंतीकडे तोंड फिरवलं;
आमच्या धंद्यात एवढी लाज पाळावी लागते.
मागे कळांचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज.
"चुकला का?"
"मी बरोबर लिहिलं म्हणून चुकला.
माझं नाव त्याला कधी नीट लिहिता आलं नाही."
"लेइदा, हे मला सांगायचं नसतं.
आता बदलावा लागेल."
"बदलते. पण तुझ्यासमोर नाही."

पत्र उघडलं. 'आणि' जागच्या जागी होता.
रेघ लुकलुकत होती, काहीच घडलं नसल्यासारखी.
लेइदाने ते एकदा वाचलं,
ओठ हलवत, साखळीपाशी जरा रागावून,
आणि वरची फुली स्वतःच दाबली.

निघताना माझ्या सायकलच्या पिशवीत
कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा कोंबला.
फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली,
"आता पुढचं कधी येतं?"