कूलरमध्ये पाणी भरताना

गुरुवारच्या महिला संगतीत प्रार्थना मीच करते.
"हे परम दयाळू, कृपासागर, स्वर्गीय पित्या,"
इथून पुढे शब्द आपोआप येतात,
इस्त्रीचे, घडी न मोडलेले,
आईच्या पेटीतल्या पांढऱ्या साडीसारखे,
जी फक्त नाताळाला निघायची, आणि मातीला.
रामटेकेबाई डोळे पुसतात.
"किती सुंदर करता हो तुम्ही!"
मीही माझ्या आवाजावर जरा रेंगाळते.
खरं सांगायचं तर
आमेनच्या आधी क्षणभर थांबते. मुद्दाम.

आज मे महिन्याची एकोणीस.
रात्रीचे अकरा वाजलेत
आणि गड्डीगोदामातली आमची भिंत अजून तव्यासारखी.
नळ आत्ता आलाय. पाइप पुरत नाही,
म्हणून बादली.
मोरीपासून खिडकीपर्यंत सतरा पावलं,
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
कूलरला नऊ बादल्या लागतात.

पहिल्या बादलीला सुरू केलं,
"हे परम दयाळू"
आणि पुढचं येईना.

संध्याकाळी शांतवनचा फोन आला होता.
नाव बघा, शांतवन!
बाबांनी पवित्र शास्त्र उघडून, बोट ठेवून निवडलेलं.
आईच्या शेवटच्या अकरा दिवसांत
बिलासपूरहून जो आला नाही.
मातीला आला, चहा प्यायला,
आणि बशी खाली ठेवता ठेवता विचारलं,
झिंगाबाई टाकळीच्या प्लॉटचे कागद कुठे आहेत.
आज म्हणाला, "ताई, बरं नाही मला.
प्रार्थनेत आठवण ठेव."
मी म्हणाले, "ठेवते."
पोस्टाचा शिक्का मारावा तसं म्हणाले.

तिसऱ्या बादलीला तोंडून भलतंच निघालं.
संगतीतली भाषा नव्हे ती,
आई चुलीपाशी बोलायची ती:

"बापा, मले त्याच्यासाठी मागता येऊन नाही राहिलं.
माफ नाही केलं मी त्याले.
करायचं आहे, असंही नाही.
तुले माहीतच आहे, मंग लपवू कायले?
सत्तर गुणिले सात म्हणतोस तू.
मी गणिताची मास्तरीण होती, चारशे नव्वद होतात.
अन् माझं पहिलंच अडून बसलं आहे.

आईनं शेवटी त्याचंच नाव घेतलं रे.
बेडपॅन मी उचलला, चादरी मी धुतल्या,
मेडिकलच्या त्या वॉर्डात जमिनीवर मी झोपली,
अन् तोंडात नाव त्याचं.
राग त्याचा आहे का तिचा,
मलेच समजत नाही.
थोडा तुझाही आहे.
घे. सांगून टाकलं."

बादली हातातच राहिली.
वीज पडली नाही.
पलीकडे कुणाचं तरी कुत्रं दोनदा भुंकलं,
पंपाने गुरगुरून पाणी ओढलं.
कितवी बादली ते विसरले.
तिथेच ओल्या फरशीवर बसले, गुडघ्याला बरं वाटलं,
मग ते गुडघ्याचंही सांगितलं त्याला.
सिलिंडर संपत आलाय तेही,
आणि लेकाची नोकरी, आणि परवा भाजीवालीला
उगाच दोन रुपयांसाठी टाकून बोलले ते.
अशा गोष्टी त्याला सांगायच्या असतात,
हे इतकी वर्षं सुचलंच नव्हतं.
तो ऐकत होता म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.
पण मी कुणाशी तरी बोलत होते,
आणि स्वतःचा आवाज ऐकत नव्हते.

उठताना म्हणाले,
"त्याची शुगर किती आहे, विचारायचं राहूनच गेलं.
उद्या फोन करतो.
तेवढंच करतो.
याच्यापुढचं आज मागू नको मले."

गुरुवारी संगतीत मी दोनदा अडखळले.
एकदा तर बराच वेळ गप्पच.
रामटेकेबाईंनी डोळे पुसले नाहीत,
चपला घालताना हळूच विचारलं,
"बरं नाही का तुम्हाला?"
मी म्हणाले, "उकाडा फार आहे."