अडीच बोटं

संक्रांत तीन दिवसांवर.
गड्ड्यातला मोठा पाळणा पत्र्यांवरनं दिसतो.
वारा मात्र खालून येतो आमच्याकडं,
दाराखालून, सरपटत,
थेट लिंगम्माच्या सुपापर्यंत.

सुपात कापलेली तेंदूची पानं,
ओल्या फडक्याखाली.
वारा लागला की कडा मुडपतात,
वळताना पान चिरतं,
आणि विड्या छाटात जातात,
शंभरात दहा-बारा तरी.
घरात आम्ही वाऱ्याला गाली म्हणतो.
ती म्हणते, ही गाली माझी मजुरी खाते.

मोईन सुतार आला. रबराची पट्टी सांगितली,
तीनशे वीस, खिळे धरून.
मग उकिडवा बसला, बोटं घालून बघितली :
बिजागरीकडं एक, कडीकडं दोन,
मधोमध अडीच.
“दाराला काही झालेलं नाही, चाचा.
तुमचा उंबरा खाली गेलाय.”

खरंय. मीच तिथं
चपलेत पाय सारायला टेकायचो,
रात्रपाळीला, सकाळपाळीला, संपातसुद्धा.

पट्टी नको म्हटलं.
पेटीत एक चादर होती, कारखान्यातनं
सेकंडमध्ये मिळालेली. मोराला चोच नाही.
माझ्याच मागावर धागा तुटला होता, मला उशिरा दिसला.
ती फाडली, दोन नळ्या शिवल्या,
एक आत, एक बाहेर, मधली पट्टी दाराखालून.
दार फिरलं की दोन्ही फिरतात.
आत काय भरायचं? नरसय्याच्या मागांखालचा
कापसाचा भुसा आणला, पोतंभर.
भरताना खोकला आला.
ओळखीचा होता तो भुसा, मलाही त्यानं ओळखलं.

रात्री वारा आला, बाहेर घुटमळला
आणि शेजारच्या दत्तू बोल्लीकडं गेला.
पानं सकाळपर्यंत मऊ.
मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल.

बोलली. दुपारी.
“कोण आलं कळंना की ओ.”

तीस वर्षं जमिनीवर बसून
तिनं गल्ली पायांवरनं पाठ केलेली :
चेकरचे पॉलिशचे बूट, भिशीवालीची जोडवी,
आपल्या सुलोचनाची
एका बाजूनं घासलेली टाच,
सासरहून न कळवता येते तेव्हाची.
ती टाच दिसली की ही कडी वाजायच्या आधी उठते,
चहाचं भांडं ठेवते,
आणि दार मग उघडते.

सूप तिनं आता पलीकडच्या भिंतीला नेलंय.
मी दाभण शोधतोय, चष्मा शोधतोय.
बिजागरीकडनं चार बोटं उसवायची,
भुसा थोडा काढायचा, तोंड पुन्हा शिवायचं.

मोराची शेपटी जाईल त्यात.
चोच तशीही नव्हती.