टाचा

आप्पा शाहूपुरीत अडत्यांसाठी
गुळाच्या पोत्यांवर मारायच्या छापांचे पत्रे कापायचे.
फळीवर खिळ्याला एक पान लटकत होतं,
जुन्या बाजारातल्या रद्दीतलं, इंग्रजी मासिकाचं.
दगडावर बसलेली फ्रान्सातली मेंढपाळ पोर, अनवाणी.
खालचा कोपरा उंदरानं खाल्लेला,
चित्रकाराचं नाव उंदराच्या पोटात.

पाठीमागं मात्र त्याचं आयुष्य शिल्लक होतं. बारा ओळी.
नेजकर मास्तरांनी वाचून सांगितलं:
दारू विकणाऱ्याचा पोरगा.
मुरंब्याच्या बरण्यांची लेबलं रंगवून
पॅरिसात शिकला.
उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चित्रासमोर उभा.
पदकं पेटीभर. दोन लेकरं पुरली.
म्हातारपणी नवी पोरं हसायला लागली,
मेणाच्या बाहुल्या करतो म्हणाली.

"लेबलं?"
आप्पा एवढंच बोलले,
आणि हातातला पत्रा त्यांनी उजेडाला धरला.
छापाच्या भोकांतून ऊन आलं, पालथ्या अक्षरांत,
त्यांच्या बनियनवर.

मला म्हणायचे, "ब्रशचा माग दिसतोय का बघ कुठं."
मी गालावर शोधला, मानेवर, पदराच्या चुणीत.
नव्हता.
"पण टाच बघ की. मेंढरामागं हिंडणारीची टाच, आणि लोण्यासारखी?
सगळं खरं काढणारा गडी
इथंच खोटं का बोलला?"

मग पापाच्या तिकटीची सुंदराक्का आली,
चपलांच्या वेण्या घालणारी, स्वतः अनवाणी.
अकरा रविवार तेलाच्या डब्यावर बसली.
आप्पांनी थरावर थर चढवले त्या फ्रेंचासारखे,
जवसाच्या तेलाचा वास आमच्या भाकरीलाही लागला.
शेवटी टाचा काढल्या. भेग न् भेग,
भेगेतलं चामड्याचं काळं सुद्धा.

सुंदराक्का बराच वेळ बघत राहिली.
"एवढं खरं कशाला काढलंसा?
चालताना दिसत्यातच की सगळ्यास्नी.
बसल्यावर तरी जरा मऊ ऱ्हाऊ द्या."

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत.
सकाळी पाहिलं तर डावी टाच गुळगुळीत,
उजवी होती तशीच.
विचारलं तर म्हणाले, रंग संपला.

चित्र आता तिच्या नातवाच्या दुकानात आहे,
काचेच्या कपाटावर. गिऱ्हाईक खालचे भाव विचारतं.
सहीचा कोपरा कोराच.
तेवढा, आप्पा म्हणायचे,
उंदरासाठी ठेवलाय.