तिसऱ्यांचा चुना

त्या नोटिशीखाली सही माझीच होती.
'इमारत धोकादायक. पाडण्यास हरकत नाही.'
जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का.
त्या दुपारी अकरा इमारती तपासायच्या होत्या,
ही नववी.
आत गेलोच नव्हतो मी;
दाराशी उभं राहून छत्रीच्या टोकानं गिलावा टोकरला,
पांढरं पीठ बुटावर सांडलं,
तेवढ्यावर निकाल.

वाघोटणच्या खाडीवरची जुनी मांडवी.
दीड हात रुंद जांभ्याच्या भिंती, पाण्याकडे सहा कमानी,
एक खिडकी जकातीची, एक तिकिटांची,
आणि ती लांब फळी,
बोटीची वाट बघत बसून बसून
माणसांनी जिला खळगे पाडले.
शेवटची बोट गेली तेव्हा मी चौथीत होतो.
मग तिथं जाळी ठेवली, मग बर्फ,
मग कोणी काहीच नाही.

निवृत्त होऊन गावी आलो
तर नोटीस अजून भिंतीला,
शाई विटलेली, पण नाव वाचता येत होतं.
आणि तिच्याखाली गाव बसलेला, सभा भरवून.
मला पुढची खुर्ची दिली.
कोणी काही बोललं नाही,
हेच जास्त लागलं.

सिमेंट नको, म्हणाले जैनू मुकादम.
वय एक्क्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
भिंत हातानं वाचतात.
जांभ्याला सिमेंट लावणं म्हणजे
झोपलेल्याच्या तोंडावर उशी.
त्यांचा आजा शिंपले भाजून चुना करायचा,
भट्टी होती त्या वाकड्या माडाखाली.
माड नव्हता. भट्टी नव्हती.
हातभर खणल्यावर राख लागली.

पण एवढे शिंपले आणायचे कुठून?
अनसूया तारीनं कोयती खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं:
"सायबा, मोडूक एक सही पुरता.
उभा करूक गावभर तिसऱ्ये खावचे लागतले."

मग खाल्ल्या.
तिसऱ्या, मुळे, कालवं,
सुकं, आमटी, पुन्हा सुकं,
पोरं ताटावर रडेपर्यंत.
घराघरांच्या मागल्या दारी गोण लटकली.
जन्मात मासळी न शिवलेले भिकाजीपंत गोगटे
नाकाला उपरणं लावून गोणी मोजत,
आणि वहीत लिहीत: शिंपले, ओले, वास येतो.
परळहून एका चाकरमान्यानं खोका पाठवला.
आत काय, विचारलं कुरिअरवाल्यानं,
तर त्यानं फॉर्मवर लिहिलं होतं: भिंत.

पहिली भट्टी फसली.
निम्मे शिंपले काळे, निम्मे कच्चे,
सगळ्या उन्हाळ्याचं खाणं फुकट.
जैनू रात्रभर तिथंच बसून राहिले,
सकाळी म्हणाले, वारा चुकला, आपण नाही.
दुसऱ्या वेळी सोडणं दुप्पट घातली,
तोंड दक्षिणेला फिरवलं.
पाणी ओतलं तेव्हा चुना असा फसफसला
की बायका हसत मागं पळाल्या.
मग गूळ, हिरड्याचं पाणी, एकवीस दिवस मुरणं,
कलेक्टरांनी दिलेल्या मुदतीतले एकवीस दिवस.

नवा अहवाल मीच लिहिला,
या वेळी आत जाऊन, तुळई तुळई ठोकून, सतरा पानं.
खाली सही केली.
कचेरीत पोरगा म्हणाला, काका, निवृत्तांची चालत नाही.
परत आलो, फळीवर बसलो.
कुणाच्या तरी खळग्यात नीट मावलो.

आजवर कमानी दोन झाल्यात. चार बाकी.
मुदतवाढीचं पत्र आलेलं नाही,
पाडायलाही कोणी आलेलं नाही.
काल गिलावा ओढताना थापीखाली एक तिसरी लागली,
भट्टीतून साबूत सुटलेली, जांभळ्या रेघेसकट.
मी खरवडून काढायला गेलो.
जैनूंनी चाचपडत माझं मनगट धरलं.
राहू दे, म्हणाले,
कोणाच्या तरी ताटातली आहे.