तोबरा

स्वेहान. पहाटेचे चार.
नोव्हेंबरचं धुकं, कुंपणावरचे दिवे
सांडलेल्या दुधासारखे पसरलेले.
खैरबख्श मोबाईलचा उजेड धरून उभा :
"छाती नको बघू डॉक्टरनी, पोट बघ."

बरोबर होतं त्याचं.
नसमा एकच श्वास दोनदा सोडत होती,
एकदा सहज, मग उरलेला जोर लावून,
आणि बरगड्यांच्या खाली एक रेघ उमटत होती
नाडी करकचून बांधल्यासारखी.
घड्याळ लावून मोजले. मिनिटाला अठ्ठावीस.
उभ्या घोडीला बारा पुरतात.

ताप नाही. जबड्याखाली गाठी नाहीत.
नाकातलं पांढरं, पातळ.
म्हणजे साथ नव्हे; बाकी चाळीस घोड्यांनी
खुशाल झोपावं.
मग तिच्या नाकपुड्यांवर प्लास्टिकची पिशवी धरली,
तिला वाटलं मी जीव घेतेय.
काढली तेव्हा तिनं जो ओढला श्वास
त्यात ऐकलं मी :
ओल्या फाट्यांची चूल,
आणि लांब कुठेतरी कुणीतरी शिट्टी घालतंय.

सातला बुत्ती आला, इंजिन चालूच ठेवून.
"बारा तारखेला एकशेवीस किलोमीटर आहेत. एक सुई दे."
सुईनं खोकला गप्प बसेल, म्हटलं,
आणि रक्ततपासणीत तुम्ही बोलायला लागाल.
तो हसला नाही.
"गेल्या मोसमात हिनं भल्याभल्यांना धूळ चारली."
अरबीत तो नेमकं काय म्हणाला कोण जाणे,
मी उदगीरची, मला असंच ऐकू आलं.
चारताना तिनं स्वतः किती खाल्ली
याची वही कुणी ठेवली नव्हती.

गुंगी दिली. मान जड झाली.
नाकातून नळी, नळीतून मिठाचं पाणी,
आत गेलेलं थोडंच परत आलं, फेसाळ.
काचपट्टीवर शंभर पेशींत एकतीस
लढायला आलेल्या.
शत्रू मात्र कुठेच नाही, ना जंतू, ना काही.
नुसतं गवत.

गासडी फोडली. वरून हिरवीगार,
पोटात राखाडी, जहाजाच्या ओलीत बुरसलेली.
सुतळी तुटताच जो ढग उठला
तो एसीनं बंद तबेलाभर शांतपणे फिरवला.
दारं उघडा, म्हटलं. गवत भिजवा, निथळवा, मग घाला.
पेंढा काढा, कागदाच्या कातरणांवर उभी राहू दे.
हिला तर बाहेरच ठेवा, वाळूवर, सावलीला.
आणि बारा तारीख विसरा.
बुत्तीनं गाडी मागे घेतली. शब्द नाही.

औषधाच्या वाफेचा मुखवटा आला,
खैरबख्शनं नाव ठेवलं : फसवा तोबरा.
नसमानं पहिल्या दिवशी आत जीभ फिरवली,
दाणा कुठेच नाही.
मग तिनं त्याच्याकडे असं बघितलं
की तो दहा मिनिटं तिची माफी मागत राहिला, बलुचीत.

दहाव्या दिवशी कान लावून बसले होते.
चूल विझत आली होती. शिट्टी नव्हती.
आणि खोकला आला.
मी मान वर केली, नसमा गवत चघळत होती.
"कधीपासून?"
"मोसम झाला. दोन."
"झोपतोस कुठे?"
त्यानं खरारा वर दाखवला :
माळ्यावर, गासड्यांना टेकून.

माझ्या परवान्यात घोडे आहेत, उंट आहेत,
ससाणेसुद्धा आहेत.
कंपनीच्या दवाखान्यात जा म्हटलं,
तो हो म्हणाला, जसं न जाणारा म्हणतो.

मग नसमाच्याच कागदावर, शेवटच्या ओळीत लिहिलं :
रुग्ण एकटी असता घाबरते.
मोतद्दाराची खाट रात्री मोकळ्यावर, हिच्यालगत. सक्तीचे.
बुत्तीनं वाचलं. एकदा खाटेकडे, एकदा माझ्याकडे.
सही केली.

आता पहाटे येते तेव्हा
धुक्यात दोघांचीही पोटं हलताना दिसतात.
तिचे चौदा.
त्याचे मी मोजत नाही, म्हणजे
वहीत लिहीत नाही.