सात सेकंद

शेंदुरजन्याच्या रस्त्याला, संत्र्याच्या प्रतवारी केंद्रात,
मागच्या खोलीत बसून
तीन आठवडे मी एकच काम करतेय:
जुनी बिल्ड नव्या टूलवर नेतेय.

"म्हंजे मशीन बदलते का, ताई?" सुभान विचारतो.
नाही रे. मशीन तेच.
फळ केवढं, रंग किती चढला,
कुठल्या पट्ट्यावर ढकलायचं
हे ठरवणारा कोडही तोच.
फक्त तो रांधायची रीत बदलायची.
"चूल बदलते म्हना ना."
म्हण.

जुन्या रीतीत एक ओळ बदलली
तरी सगळं पहिल्यापासून.
बेचाळीस मिनिटं.
आणि आपल्याकडची लाईन
एकेचाळिसाव्या मिनिटाला जाते.
आली की पुन्हा पहिल्यापासून,
जणू सकाळ झालीच नव्हती.
नवं टूल लक्षात ठेवतं:
हे झालंय, याला हात लावू नको,
उरलंय तेवढं कर.
माणसांत असं कुणी मी अजून पाहिलेलं नाही.

जुनी फाईल अकराशे ओळींची.
लिहिणारे प्रल्हाद खेरडे.
चाचणीच्या बिल्डला त्यांनी नाव दिलं मृग,
खरीला आंबिया.
टाकाऊ फायली पडतात त्या फोल्डरचं नाव गळ.
पहिल्या दिवशी मी हसले.
चौथ्या दिवशी फोनवर साहेबांना सांगत होते,
"गळ साफ केली, आता आंबिया लावते,"
आणि साहेब पुण्याचे,
ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ओळ सातशे तीस:
इथे सात सेकंद थांबणे.
शेजारी: काढू नये. प्र. खे.

काढली. बिल्ड हिरवी.
परत ठेवली. हिरवी.
जी ओळ काहीच करत नाही
तिचीच भीती जास्त.
दोन रात्री मी तिच्याभोवती फिरले,
कुणाच्या तरी चपला दाराशी दिसाव्यात
आणि घरात कुणी नसावं, तशी.

खेरडे आता नर्सरीत असतात,
जंभेरीच्या खुंटावर डोळे भरतात.
फोन खांद्याने धरला असावा,
मधून मधून प्लास्टिकची पट्टी ताणल्याचा आवाज.
"सात सेकंद? हाव.
लाईन गेली का जनरेटर उठ्याले तेवढाच टाइम लागे, बाई.
माह्यापाशी लॅपटॉप होता, मले फरक नाई.
पन पट्ट्यावरचा कम्पुटर तवर मेलेला राहे.
मंग फाईल देता कोनाले?"
पट्टी तुटली.
"अजून हाय का थे?"
जनरेटर?
"नाई वं. थे ओळ."

जनरेटर कधीच विकला गेला.
पट्ट्यावरच्या कम्प्युटरला आता बॅटरी आहे,
माझ्या खोलीला नाही.
मागे ओटा उरलाय, डिझेलने काळा,
त्यावर रिकामे क्रेट.
रोज मी तिथेच डबा खात होते.

शनिवारी जुनी फाईल पुसली.
नवी साठ ओळींची.
मृग तेच, आंबिया तीच, गळही तीच.
सात सेकंद आणले नाहीत.
त्यांच्या जागी काही लिहिलंही नाही,
लिहावंसं वाटत होतं तरी.

आंबिया लावली.
अठराव्या मिनिटाला लाईन गेली.
पट्टे थांबले, बाया मोठ्याने बोलू लागल्या,
कुणीतरी एक फळ सोललं, वास इथवर आला.
आणि मी अंधारात मोजत होते,
एक, दोन,
सातपर्यंत.
काही उठलं नाही.

आठ वीसला लाईन आली.
टूलने मागचं काही काढलं नाही.
उरलेल्या नऊ फायली केल्या
आणि थांबलं.