एकास चोवीस

जिनिंगचा भोंगा रात्री दहाला वाजतो.
मशीन थांबते, रुई थांबत नाही.
तासभर तरी ती हवेत हिंडते,
दिव्याखाली पाहिलं तरच दिसते,
एरवी आपण ती नाकानं आत घेत राहतो.
म्हणून मी बारापर्यंत नुसता बसतो.
मग फरशीवर पाणी शिंपडतो,
पंखा बंद, दाराच्या फटीत ओलं पोतं,
आणि अंगातला शर्ट काढून बाहेर खुंटीला,
कारण शर्टाचाही भरवसा नाही.

कंप्रेसर जुन्या फ्रिजचा आहे,
वलीभाईच्या भंगारातला.
कुणाच्या तरी घरी वीस वर्षं त्यानं ताक गार केलं असेल,
आता माझ्यासाठी वारा भरतो.

टेबलावर एसटी उभी आहे, बरोबर हातभर.
लाल रंग बसलाय, पण मेलेला,
भिजून वाळलेल्या विटेसारखा.
आज तिला क्लिअर मारायचा.

चार बोटं अंतर.
लांबून मारलं तर वाटेतच वाळतं, भुकटी बसते.
जवळून मारलं तर ओघळ.
आणि दाब चुकला की बारीक बारीक खड्डे पडतात,
त्याला संत्र्याची साल म्हणतात.
भाच्याला हे सांगितलं तर तो
बागेतल्या चिखलाचे पाय तसेच घेऊन आत आला,
वाकून पाहिलं, आणि विचारलं,
"कोणत्या बहाराची? आंबिया का मृग?"

बंपरच्या अलीकडे, हवेतच, बटण दाबायचं.
मागची शिडी ओलांडली की सोडायचं.
गाडीवर सुरू करायचं नाही,
गाडीवर थांबायचं नाही.
पहिला हात धुक्याचा.
दहा मिनिटं बिडी न ओढता काढायची,
खोलीत थिनर आहे.
दुसरा हात ओला.
आणि तेव्हा, दरवेळी,
मी श्वास धरतो हे मला नंतर कळतं:
लाल रंग खालून वर येतो,
नदीतल्या गोट्यावर पाणी आल्यासारखा.

ही चकाकी राहणार नाही.
उद्या तिच्यावर अक्षरं बसवीन,
वरुड ते पुसला, मार्गे काहीबाही,
पाण्यावरून घसरत येणारी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी.
खरखरीत पाठीवर अक्षर बसत नाही,
खाली हवा राहते, कडा पांढरी दिसते.
एवढ्यासाठी हा सगळा लखलखाट.
अक्षरं वाळली की वरून मॅट,
आणि गाडी पुन्हा धुळीतली.

सकाळी सहाला श्रावणजी आंडे आले,
दुधाची बरणी उंबऱ्यावर ठेवली.
एकतीस वर्षं हीच गाडी, हाच रस्ता.
"काहून बे, एवढं तेल पाजलं हिले?
माही गाडी कवाच अशी चमकली नाही."
मी म्हटलं, थांबा ना, अजून मॅट बाकी आहे.
पण ते वाकले होते.
टपावर ट्यूबलाइट आडवी पडली होती,
तिच्या शेजारी त्यांचा चष्मा,
आणि चष्म्याच्या खाली
क्लिअरमध्ये रुतलेला कापसाचा एक तंतू.

एवढं करून.
मी दोन हजार नंबरचा पेपर भिजवला,
म्हटलं, घासतो, खालच्या रंगाला लागत नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं,
गिअर धरावा तसं.
"राहू दे. दोर हाय थे.
टपावरचे पेटारे बांधाले लागे.
शेवटचा पेटारा उतरला का
असाच सुटा पडून राहे."

मी पट्टी लावली. जेमतेम इंचभर,
गुणिले चोवीस.
दीड हात दोर.
एका पेटाऱ्यालाही पुरला नसता,
पण उरलेला दोर तेवढाच असतो.

श्रावणजींनी बोट लावून पाहिलं, ठसा उमटला नाही.
ते स्टुलावर बसले. चहा मागितला नाही.
सातचा भोंगा झाला,
पलीकडे मशीन घरघरायला लागली.
दार उघडं होतं.
मी लावायला उठलो,
आणि तसाच परत बसलो.